ह्यांच्या अंगातले किरण

आमच्या घरात टॉवेल कमी पडला असं कधी झालेलं न्हाय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टर्किश टॉवेलचे माग हायत, सासऱ्यांच्या काळापासनं. लग्न होऊन मी भवानी पेठेत आले तवा न्हाणीत नवा कोरा टॉवेल बघून मला वाटलं, काय थाटाचं घर हाय. नंतर कळलं, हितं फडकं म्हणून बी टॉवेलच, पायपुसणं बी टॉवेलच आणि भाकरी गुंडाळायला बी टॉवेलच. पण ह्या जानेवारीत घरातला एकूण एक टॉवेल गच्चीवर ओला लोंबत होता, आणि मी आंघोळ झाल्यावर जुन्या लुगड्यानं अंग पुसत होते. टॉवेलवाल्याची बायको, सावित्रम्मा. बाहेर सांगायची सोय न्हाय, म्हणून तुमाला सांगते.

ह्या सगळ्याला कारण आमचे हे, बसलिंगप्पा. माणूस तसा बरा हाय, मी वाईट म्हणणार न्हाय. पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की अंगातला सदरा काढून देईल, ती गोष्ट सोडणार न्हाय.

गणपतीच्या सुमाराला त्यांना मागावर ताण्याचा एक धागा दोन दिसायला लागला. आधी त्यांनी कामगाराला शिव्या घातल्या, मग चष्मेवाल्याला, मग मला. माझा काय संबंध? पण घरात आलं की पहिल्यांदा बायकोच दिसते, आणि तवा तर मी सुद्धा दोन दिसत होते. "एक सावित्री पुरे होती की," म्हणले. डोक्याचा फोटो काढला आणि सगळ्यांचं हसणं गेलं. नाकाच्या मागं, डोळ्याच्या नसेला लागून गाठ होती. डॉक्टर म्हणले, गाठ वाईट जातीची न्हाय, पण वाईट जागी बसलीय. कापायला गेलं तर डोळा जाईल. म्हणून किरणांचा शेक द्यायचं ठरलं.

शेक म्हणजे काय, तर तोंडावर जाळीचा मुखवटा घालायचा, तो टेबलाला पक्का करायचा, आणि सगळ्या शहाण्यांनी जाड दाराच्या बाहेर जायचं. आत एकटे हे. मी बाहेरच्या बाकड्यावर बसून शिवा शिवा करायची. एक दिवस हे बाहेर आले ते तोंड उजळलेलं. म्हणले, "सावित्रे, डोळे गच्च मिटले होते तरी निळा उजेड दिसला."

मला वाटलं, गाठ राहिली बाजूला, डोकंच गेलं. पण त्या मशीनवर किरणांचं माप ठरवणारा एक पोरगा होता, अजिंक्य नावाचा, वैरागचा. फिजिक्स शिकलेला. तो म्हणला, "काकू, घाबरू नका. बऱ्याच पेशंटना दिसतो. अंतराळवीरांना बी दिसतो. वर यानात डोळे मिटून पडले की ठिणग्या चमकतात."

"त्यांना कशाला? त्यांच्या नाकात काय गाठी हायत?"

"न्हाय काकू. लांब कुटंतरी मोठा तारा फुटतो. त्यातनं लोखंडाचे कण सुटतात, लई जोरात. जड कण म्हणतात त्यांना. ते यानाच्या पत्र्यातनं आत येऊन माणसाच्या डोळ्यातनं आरपार जातात. आपल्याला हितं काय होत न्हाय, डोक्यावर एवढी हवा हाय. धा मीटर पाणी डोक्यावर घेतल्यासारखं हाय ते. कण वरच फुटून जातात."

लोखंड म्हणलं की आमचे हे हरखले. त्यांचा जन्म मागाच्या लोखंडाला तेल घालण्यात गेलेला. म्हणले, "म्हणजे माझ्या मागाचं लोखंड बी ताऱ्यातलंच?" अजिंक्य म्हणला, "व्हय काका, तुमच्या रक्तातलं बी." झालं. त्या दिवसापासनं दोघांची गट्टी जमली. लोक शेक घ्यायला जाताना रडतात, आमचे हे आवरून, भांग पाडून जायचे. अजिंक्यनंच सांगितलं की मोठ्या दुर्बिणीच्या भानगडीत पडू नका, साधं बायनाक्युलर घ्या, कोपर कठड्यावर टेकवा आणि बघा. शेक संपता संपता दोन दिसायचं थांबलं, आणि ह्यांनी बायनाक्युलर आणलं. मी म्हणलं, आत्ता कुटं एकाचं एक दिसायला लागलंय, लगेच धा पट कशाला बघायचं? पण ऐकतंय कोण.

त्याच सुमाराला आमची सून सिद्धेश्वरी अक्कलकोटला माहेरी बाळंत झाली. मुलगा झाला. फोन आला तवा हे कारखान्यात होते. खडखडाटात काय ऐकू येईना, तर ह्यांनी सगळे माग बंद करायला लावले. कामगारांना वाटलं लाईट गेली. मग हेच सगळ्यांना ओरडून सांगत सुटले, माग बंद होते तरी ओरडून.

आमच्या घरात एक रीत हाय. लेकरू पहिल्यांदा घरात आलं की आधी अज्जाच्या मांडीवर ठेवायचं, मग पाळण्यात. माझ्या महेश्वरला सासऱ्यांनी असंच घेतलं होतं. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उठली की बारसं करायचं ठरलं. मी पाळणा धुतला, ह्यांनी त्याच्या कड्यांना तेल घातलं. सगळं नीट चाललं होतं.

आणि एक दिवस डॉक्टरांना शेवटचं दाखवून आल्यावर, जेवताना, भाकरी मोडता मोडता हे म्हणले, "सावित्रे, डॉक्टरांनी सांगितलंय, माझ्या अंगात किरण शिल्लक हायत. लहान लेकराच्या जवळ जायचं न्हाय."

माझा घास हातात राहिला. "किती दिवस?"

"सांगता येत न्हाय म्हणले."

त्याच रात्री त्यांनी गादी उचलली आणि गच्चीवरच्या खोलीत गेले. ती खोली म्हणजे जुने सुताचे कोन आणि मोडक्या खुर्च्या. मी म्हणलं, लेकरू यायला अजून वेळ हाय, आत्तापासनं कशाला? तर म्हणले, "भिंतींना किरण लागतात." मला काय कळतंय त्यातलं? मी गादीवर चादर घातली आणि खाली आले.

आमचा महेश्वर टेक्स्टाईल इंजिनिअर हाय. त्याच्यावर संकट आलं की तो रडत न्हाय, मोबाईल काढतो. दुसऱ्या दिवशी बॅटरीच्या दुकानातनं शिशाचे पत्रे घेऊन आला. म्हणला, एक्स-रेवाले शिशाचा एप्रन घालतात, आपण खोलीला शिशाची भिंत करू. ह्यांनी पत्रा हातात घेतला, वाकवून बघितला आणि परत दिला.

"शिसं चालत न्हाय. अजिंक्यनं मला सांगितलंय. जड कण शिशावर आपटला की फुटतो, आणि एकाचे चार होऊन आत येतात. भांडण सोडवायला तुझ्या आईला बोलावल्यासारखं होतंय ते."

मी तितंच उभी होते. ऐकून घेतलं, आजारी माणूस म्हणून.

"मग काय चालतंय?" महेश्वर म्हणला.

"पाणी. पाण्यात हायड्रोजन असतो. हलका असतोय, पण कणाला दमवतोय."

महेश्वर मोबाईलवर बोट सारत बसला आणि एकदम सरळ झाला. म्हणला, "अप्पा, हे बघा. अंतराळ स्थानकात त्यांनी ओले टॉवेल रचून बघितले. त्या टॉवेलांच्या आड किरण तिसऱ्या हिश्श्यानं कमी झाले."

आता हे दुसऱ्या कुणाच्या घरात घडलं असतं, तर लोकांनी वाचलं असतं आणि चहा प्यायला गेले असते. पण हे टॉवेलवाल्याचं घर. बाप-लेक एकमेकांकडं असे बघायला लागले की जणू सासऱ्यांनी माग घातले ते ह्याच दिवसासाठी. मला सुद्धा ऊर भरून आलं, खोटं कशाला सांगू. आजवर टॉवेल म्हणजे तोंड पुसायचं फडकं, नाहीतर आहेराला टोपीबरोबर द्यायची वस्तू. आणि तिकडं वर, एवढ्या शिकलेल्या लोकांना शेवटी टॉवेलच लागला की.

मग वाद सुरू झाला, कुठला टॉवेल. महेश्वर म्हणला साडेचारशे जीएसएमचा लावू. जीएसएम म्हणजे टॉवेलचं वजन, जास्त असलं की टॉवेल जाड. हे म्हणले, "सहाशेचा लाव, पाणी जास्त धरतो."

"अप्पा, सहाशेचा एक्स्पोर्टचा हाय."

"मग किरण काय लोकल हायत?"

तर सहाशेचे लागले. खोलीच्या चारी बाजूंनी दोऱ्या बांधल्या आणि दोऱ्यांवर टर्किश टॉवेल, एकावर एक, पाणी गळणारे. कारखान्यातले पुरेनात म्हणून घरातले गेले. माझा अंग पुसायचा गेला तो तवाच.

आमच्या पेठेत नळाला रोज पाणी येत न्हाय, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. पाणी आलं की आधी पिण्याचं भरायचं, मग वापरायचं. आता तिसरा वाटेकरी आला, टॉवेल. जानेवारी असला म्हणून काय झालं, हितलं ऊन ते ऊनच. दुपारपर्यंत टॉवेल वाळून कडक व्हायचा, आणि टॉवेल वाळला म्हणजे किरण सुटले. म्हणून बादली घेऊन मी सारखी जिना चढायची. शेजारणी विचारायच्या, "अक्का, एवढं काय वाळत घातलाव?" मी म्हणायची, "वाळत न्हाय, भिजत घातलंय." आमच्या गुडघ्यांना काय वाटत असंल ते कुणी विचारलं न्हाय.

आणि हे? हे मजेत. अंधार पडला की टॉवेलांच्या मधनं बाहेर यायचे, कठड्यावर कोपर टेकवायचे, आणि बायनाक्युलर डोळ्याला. समोर जोतिराम राहतो, भांड्याच्या दुकानात कामाला असतो. एक दिवस तो दिवेलागणीला तणतणत जिना चढून आला. "अप्पा, ह्या वयात शोभतं का? आमच्या खिडकीकडं रोखून बघायलाव."

ह्यांनी त्याच्या गळ्यात बायनाक्युलर अडकवलं आणि त्याची मान धरून वर केली. "तुझ्या खिडकीच्या वर बघ. तो गुरू. त्याच्या बाजूला बारीक टिपके दिसतात का? ते त्याचे चंद्र."

जोतिरामनं कोपर कठड्यावर टेकवले. मग हळूच म्हणला, "अप्पा, हे आमच्या खिडकीवरच हाय, आणि आमाला माहीत न्हाय." दुसऱ्या दिवशी बायकोला आणि आईला घेऊन आला. मी म्हणलं, "जोतिराम, किरण लागतील की." तर म्हणला, "ओले टॉवेल हायत की, अक्का." मग मीच त्याच्या आईला बसायला मोडकी खुर्ची दिली.

मला मात्र ह्या सगळ्यात काय गोडी न्हाय. मी ताट घेऊन वर जायची, तर ओल्या टॉवेलांच्या मधनं वाट काढताना एक तोंडावर थापड मारायचा, एक पाठीवर. आमटी पातळ व्हायची. मला सर्दी झाली ती हटेना. लग्न झाल्यापासनं आमी दोघं समोरासमोर बसून जेवलेले. भांडलो तरी समोरासमोरच. आता खाली एकटीला घास जाईना. पाळण्याकडं बघितलं की वाटायचं, सगळं घर त्या एका मांडीसाठी थांबलंय, आणि ती मांडी गच्चीवर जाऊन बसलीय.

बारशाच्या आधल्या संध्याकाळी मी ताट ठेवलं तर म्हणले, "ये, बघ जरा." माझ्या हातात बायनाक्युलर दिलं, माझे कोपर कठड्यावर टेकवले. "तो मृग. त्याच्या पट्ट्याच्या खाली धुरकट डाग दिसतोय का? काचेवर फुंकर मारल्यासारखा?"

"दिसतोय."

"तितं नवे तारे जन्मतात."

मी बायनाक्युलर खाली केलं. "तिकडचे जन्मलेले बघायलाव, आणि घरात जन्मलाय तो? उद्या नातू येणार. बघायचा न्हाय का?"

"बघणार की."

"कसा?"

त्यांनी माझ्या हातातलं बायनाक्युलर घेतलं आणि खाली अंगणाकडं रोखलं. "तू त्याला घेऊन तुळशीजवळ उभी राहा. टोपडं जरा मागं सार. हितनं धा पट मोठा दिसंल."

मी उलट न भांडता जिना उतरले. लग्नानंतर असं पहिल्यांदाच झालं असंल. खाली येऊन मी भांडी घासत रडले. आमटीचं पातेलं दोनदा घासलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कलकोटहून गाडी आली. सिद्धेश्वरी, लेकरू, आणि आमची विहीण गौरव्वा. ही बाई मनानं चांगली हाय, पण तिनं एकदा भीती धरली की ती सगळ्यांना वाटून देते. उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. "अप्पा कुटं हायत?"

"गच्चीवर."

"टॉवेल ओले हायत का?"

"हायत."

विश्वास कुटला? लेकरू लेकीकडं देऊन स्वतः जिना चढली, टॉवेल चिमटीत धरून बघितला आणि खाली वाकून मला म्हणली, "हा कोपऱ्यातला कोरडा लागतोय." आतनं ह्यांचा आवाज आला, "नमस्कार करतो, विहीणबाई." तर ही पदर नाकाला लावून चार पायऱ्या मागं. नमस्कारातनं किरण येतात का? मी गेले, बादली ओतली, आले.

मग मी लेकराला घेऊन अंगणात तुळशीजवळ गेले. टोपडं मागं सारलं. वर बघितलं तर दोन टॉवेलांच्या फटीतनं दोन काचा चमकल्या. मी लेकराला जरा उंच धरलं. काचा हलेनात. किती वेळ उभी होते कुणास ठाऊक, गौरव्वा म्हणली, "कूसला ऊन लागतंय, आत चला," कूस म्हणजे कानडीत लेकरू, तवा आत आले.

जंगम स्वामी येऊन बसलेले. पै-पाहुणे जमलेले. पाळणा सजवलेला. स्वामी म्हणले, "आणा लेकरू. अज्जाला बोलवा, मांडीवर घेऊ देत." सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. महेश्वरनं हळू आवाजात स्वामींना किरणांचं सांगितलं. स्वामी घाबरले बिचारे, त्यांनी आपली शाल आवळून घेतली.

मी म्हणलं, "हे जिन्यातच चार पायऱ्या वर बसतील, लांबनं..."

"बेड बेड," गौरव्वा म्हणली. नको नको, एवढं कानडी हितं सगळ्यांना येतंय. "रीत मोडायची न्हाय, मी उपाय सांगते. पाटावर अप्पांचा कोट ठेवा, वर पटका ठेवा, त्यावर लेकरू टेकवा. आमच्या गावात करतात असं."

"कुणासाठी करतात?" मी विचारलं.

"जे नसतात त्यांच्यासाठी."

ती सहज म्हणली. तिच्या मनात वाईट नव्हतं, हे मला आज कळतंय. आणि आमचा महेश्वर, इंजिनिअर, उठला, कपाटातनं बापाचा लग्नातला कोट घेऊन आला. नीट घडी करून पाटावर ठेवला. वर पटका ठेवला. पाट सरळ केला. सिद्धेश्वरी लेकरू घेऊन पुढं आली, तिचे डोळे भरलेले.

त्या पाटावर तो कोट बघितला. आणि मग मला जो राग आला. मी म्हणलं, "उचल तो कोट. आधी उचल. माझा नवरा वर जिता हाय. दोन भाकरी खाल्ल्यात सकाळी. त्याच्या कपड्यांना मांडी म्हणायची वेळ आणलीय व्हय रे तुमी?"

महेश्वर म्हणला, "आई, पण डॉक्टरांनी..."

"कुटल्या डॉक्टरांनी? तू ऐकलंस? मी ऐकलं? लाव फोन त्या अजिंक्यला. सगळ्यांना ऐकू येईल असा लाव."

फोन लागला. मी म्हणलं, "अजिंक्य, मी बसलिंगप्पांची सावित्रम्मा. एवढंच सांग, ह्या माणसानं लहान लेकराला मांडीवर घेतलं तर लेकराला काय होतंय?"

"काय होणार, काकू? ओलं केलं तर काकांनाच धोतर बदलावं लागंल."

"आणि किरण?"

"कसले किरण? मशीन बंद झालं की किरण संपले. दिवा मालवल्यावर भिंतीतनं उजेड येतो का? काही आजारांत पोटातनं किरणांचं औषध देतात, त्यांना काही दिवस लांब राहायला सांगतात. काकांचा शेक तसला न्हाय. आणि हे मी काकांना पहिल्याच दिवशी सांगितलंय. शेवटचं दाखवायला आले तवा त्यांनी परत विचारलं, 'नातवाला घेतलं तर चालंल ना नक्की?' मी म्हणलं, 'दिवसभर घ्या.' का हो काकू? काय झालं?"

मी काय झालं ते त्याला सांगितलं न्हाय. फोन ठेवला. नवरे खोटं बोलतात, हे काय मला नवं न्हाय. पण आजारी माणूस खोटं बोलला तर मला काय झालं न्हाय म्हणून बोलतो. झालंय म्हणून कोण खोटं बोलतंय?

मी सिद्धेश्वरीसमोर हात पसरले. गौरव्वा मधी आली तर सून म्हणली, "अव्वा, सुम्निर जरा," गप बस म्हणून, आणि लेकरू माझ्याकडं दिलं. "न्या, अत्ती."

मी जिना चढले. टॉवेलांनी तोंडावर मारलं, मी खांद्यानं बाजूला केले, दोन खाली पडले, पडू दे म्हणलं. हे कठड्याशी उभे, बायनाक्युलर गळ्यात. मला बघून मागं सरकायला लागले. "सावित्रे, जवळ आणू नकोस. किरण..."

"अजिंक्यला फोन लावला होता."

माणूस मागच्या मोडक्या खुर्चीवर बसला.

"आता खरं सांगा," मी म्हणलं. "खोटं बोललाव तर हे बायनाक्युलर खाली अंगणात टाकते. देवाशप्पथ टाकते."

त्यांनी बायनाक्युलर दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि खाली मान घालून बोलले. "डॉक्टर म्हणले, गाठ गप बसलीय. परत उठंल का, सांगता येत न्हाय. त्या मुखवट्याखाली पडून मी रोज स्वतःला सांगायचो, बसलिंगप्पा, भरपूर झालं. माग चालवले, पोरगं शिकलं, त्याचं लग्न झालं, आकाश बघायचं राहिलं होतं तेबी बघितलं. आता बोलावणं आलं तर कुरकुर न करता उठायचं. मन तयार केलं होतं गं. लई कष्टानं केलं होतं. आणि मग हा झाला. फोन आला त्या दिवशी घरी येईपर्यंत मी मनानं ह्याच्या शाळेपर्यंत जाऊन पोचलो होतो. मला कळलं, ह्याला एकदा मांडीवर घेतला की केलेलं सगळं वाया जाणार. मरायला मी भीत न्हाय, सावित्रे. हाव धरून मरायला भितो."

मला त्या माणसाची एवढी माया आली आणि त्याच वेळी एवढी चीड आली, की कुटली आधी बाहेर काढावी कळेना. चीडच निघाली. "म्हणजे माझ्यासाठी जगायची हाव कधी वाटली न्हाय?"

"तुझी सवय हाय गं मला."

"मी लेकरासाठी पाणी वाहत होते असं समजत होते. गुडघे गेले माझे. आणि हे टॉवेल तुमी लेकराला वाचवायला न्हाय, स्वतःला वाचवायला लावले होते व्हय."

मग मी पुढं झाले. सरळ लेकरू त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि हात काढून घेतले.

ज्या माणसाला नुसतं चिमटीत धरून टॉवेलचं वजन सांगता येतं, त्याला त्या दिवशी लेकराला कुटं धरायचं ते कळेना. एक हात डोक्याखाली, एक हात हवेतच. लेकरानं डोळे उघडले आणि ह्यांच्याकडं बघत बसलं. लहान लेकरं बघतात तसं, काय न मागता.

"बघितलंस?" माझ्यावर ओरडले, आणि डोळ्यांतनं पाणी चाललेलं. "हेच म्हणत होतो मी. आता झाली का न्हाय पंचाईत?"

"काय झालं?"

"मला मरायचं न्हाय, सावित्रे."

"मग नका मरू," मी म्हणलं. "खाली स्वामी खोळंबलेत. चला."

ते लेकराला घेऊन उठले. आमचे हे जिना नेहमी धडधड उतरतात, मी किती ओरडले तरी. त्या दिवशी एका हातानं लेकरू छातीशी धरून आणि दुसऱ्या हातानं कठडा घट्ट पकडून, एकेक पायरी बघत उतरले.